‘सगळं घरासाठीच केलं हो!’

मैत्रिणींनो, जरा मनाशी प्रामाणिकपणे आठवून बघा. रात्रीची जेवणं झालेली, ओटा आवरलेला, विरजण लावून झालेलं, आणि आता हा तासभर आपला म्हणून तुम्ही पडद्यासमोर बसलेल्या. समोर एक माणूस खोटे कागद छापतो आहे. ते खोटे आहेत हे त्याला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे, शेजारी बसलेल्या धाकट्यालाही ठाऊक आहे. इतक्यात दारावर पोलिसांची थाप पडते आणि तुमच्या छातीत धस्स होतं! कुणासाठी? पोलिसांसाठी नव्हे. ज्यांना तो फसवतो त्यांच्यासाठीही नव्हे. त्याच्यासाठी! ‘अगं बाई, सापडतो की काय आता!’

एरवी भाजीवाल्याने वजनात पन्नास ग्रॅम मारले तर आपण त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय सोडत नाही. मग या लबाडाचीच एवढी काळजी का वाटावी? मला वाटतं, तो फार गोड बोलतो म्हणून. आणि जे बोलतो ते आपण कुठेतरी आधी ऐकलेलं असतं म्हणून.

नाशिककरणींना तर हा विषय अगदी घरचा आहे. अब्दुल करीम तेलगीवरची ‘स्कॅम २००३’ ही मालिका २०२३ मध्ये, काही भाग सप्टेंबरात आणि उरलेले नोव्हेंबरात, अशी सोनी लिव्हवर आली. तुषार हिरानंदानी यांचं दिग्दर्शन, तेलगीच्या भूमिकेत गगन देव रियार, शिवाय भरत जाधव, शशांक केतकर, नंदू माधव, इरावती हर्षे असे आपले ओळखीचे मराठी चेहरे. तीन वर्षं आधी हर्षद मेहतावरची मालिका येऊन गेली होती आणि तेव्हा घराघरांतली पोरं धोक्याचे आणि प्रेमाचे संवाद म्हणत हिंडत होती. पण हर्षद मेहता म्हणजे मुंबईचा शेअरबाजार, आपल्याला जरा लांबचा. तेलगीची गोष्ट मात्र थेट नाशिकरोडला येते!

नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की दुसरं काही विचारावं लागत नाही. यजमान प्रेसमध्ये, सासरे प्रेसमधून रिटायर, असं सांगणाऱ्या कितीतरी जणी तुमच्या भिशीत असतील. पूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटं विलायतेहून छापून येत. १९२५ च्या सुमारास हा छापखाना इथे उभा राहिला आणि १९२८ पासून शेजारीच नोटाही छापल्या जाऊ लागल्या. टपाल तिकिटं, पासपोर्ट, स्टँप पेपर – सरकारचा शब्द ज्या ज्या कागदावर चालतो तो कागद इथला. पाळी सुटताना कामगारांची झडती होते, हे तिथल्या बायकांना जेवणाच्या डब्याइतकं सवयीचं. अशा ठिकाणाहून मोडीत काढलेली यंत्रं लिलावाच्या वाटेने तेलगीच्या हाती गेली आणि त्याने मुंबईत आपला स्वतःचा स्टँप पेपरांचा कारखाना थाटला, असं तपासात पुढे आलं. हजारो माणसांनी पिढ्यान् पिढ्या झडती देऊन सांभाळलेलं नाव मूठभर लोकांच्या हातमिळवणीने कसं खाली गेलं, हे प्रेसच्या कॉलनीत राहणाऱ्यांना विचारावं.

तेलगी मूळचा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. वडील रेल्वेत होते, ते लवकर गेले. पोरगा गाडीत फळं विकून शिकला. पुढे मुंबई, मग काही वर्षं सौदी अरेबिया, परत आल्यावर परदेशी जाणाऱ्यांची खोटी कागदपत्रं, त्यातून तुरुंग. १९९४ मध्ये त्याने स्टँप पेपर विकण्याचा रीतसर परवाना मिळवला. त्या वर्षांत स्टँप पेपरांची चणचण असे, तासन् तास रांगेत उभं राहून ‘संपले, उद्या या’ हे ऐकावं लागे. तेलगीने ही अडचण हेरली. बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल यांना तो गठ्ठ्यांनी कागद पुरवू लागला. २००१ च्या नोव्हेंबरात त्याला अजमेरला पकडलं. घोटाळ्याचा आकडा प्रत्येकाने वेगळा सांगितला, वर्तमानपत्रांतून तो तीस हजार कोटींपर्यंत गेला. बड्या पोलीस अधिकाऱ्यांनाही अटक झाली, त्यातले काही पुढे निर्दोष सुटले.

आता या माणसाला पडद्यावर बोलताना ऐका. तो आरडाओरडा करत नाही, डोळे वटारत नाही. हसतमुख, नम्र, सगळ्यांची विचारपूस करणारा. आणि प्रत्येक पायरीला त्याच्याकडे एक कारण तयार असतं. गरिबीत दिवस काढले, हे पहिलं. ते ऐकून आपण विरघळतोच, कारण ते खरं आहे. पण गाडीत शेंगा-केळी विकून शिकलेली मुलं खानापूरपासून मनमाडपर्यंत काय थोडी झाली? त्यातलं कुणी शिक्षक झालं, कुणी एसटीत कंडक्टर, कुणी प्रेसमध्येच लागलं. त्यांच्यावर मालिका निघत नाही एवढंच.

मग येतं, ‘सगळेच खातात, मी एकटा काय?’ हेही खोटं नाही बरं! ज्याच्या दारात तो जातो तो हात पसरूनच बसलेला असतो. इथेच या माणसाची हुशारी आहे. त्याच्या स्टँप पेपरांची खुबी काय होती? यंत्र अस्सल, छपाई अस्सलसारखी, फक्त छापायचा अधिकार तेवढा नव्हता. त्याची कारणंही तशीच असतात. कच्चा माल सगळा खरा. गरिबी खरी, लाचखोरी खरी, रांगा खऱ्या. त्यातून निघालेला निष्कर्ष तेवढा बनावट! साफ खोटं बोलणाऱ्याला आपण चटकन ओळखतो. तीन खऱ्यांच्या मधे एक खोटं गुंडाळून देणारा आपल्याला सापडत नाही.

आणि मग त्याचं सगळ्यात मोठं कारण: ‘मी कुणाला मारलं नाही, कुणाच्या घरात शिरलो नाही. नुकसान झालं ते सरकारचं!’ सरकार म्हणजे जणू कुणीच नव्हे. पण स्टँपचा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. रस्ते, शाळा, सरकारी दवाखाना, जिथे केसपेपर काढून आपली कामवाली सुनेचं बाळंतपण करून घेते, ते सगळं त्याच तिजोरीतून. शिवाय कागदाच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतोच. कुणी घराचा करार त्या कागदावर केला असेल, कुणी कर्जाचा. मुद्रांक नीट भरलेला नसेल तर तो कागद कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आधी शुल्क भरा, वर दंड भरा. म्हणजे ज्याने पूर्ण पैसे मोजून कागद घेतला त्याच्याच डोक्यावर टांगती तलवार! पडद्यावर हा माणूस तुम्हाला दिसतो का? नाही दिसत. गोष्ट तेलगीच्या बाजूने चाललेली असते. कॅमेरा त्याच्या मागोमाग फिरतो, त्याच्याबरोबर पळतो, त्याच्याबरोबर घाम पुसतो. दोन तास ज्याच्यामागून आपण चालतो त्याचे आपण होतोच.

इथे मला राहून राहून लखोबा लोखंडे आठवतो. तुमच्यापैकी कितीजणींनी ‘तो मी नव्हेच’ पाहिलं असेल! आचार्य अत्र्यांचं हे नाटक १९६२ साली आलं आणि प्रभाकर पणशीकरांनी ते वर्षानुवर्षं गाजवलं. तो फिरता रंगमंच, ती पाच सोंगं. गंमत बघा, लखोबा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी आणि तेलगी खानापूरचा. दोघेही एकाच बेळगाव जिल्ह्यातले! लखोबाही काही कमी गोड नव्हता. कोर्टात स्वतःचा बचाव स्वतः करायचा आणि प्रेक्षागृह खदखदून हसायचं. पण अत्र्यांनी एक गोष्ट केली होती. नाटकच कोर्टाचं ठेवलं. एकामागून एक साक्षीदार पिंजऱ्यात येतात – फसवल्या गेलेल्या बायका, त्यांचे नातलग – आणि आपल्या तोंडाने आपलं सांगतात. लखोबा त्यांची टर उडवतो, पण त्या बोलतात. त्यांचं रडणं ऐकलेला प्रेक्षक घरी जाताना लखोबाच्या चातुर्याला टाळ्या देतो आणि तरी आपली मुलगी अशा माणसाला द्यायची नाही हे मनात पक्कं करून जातो.

शिवाय लखोबाचा सगळा आटापिटा कशासाठी? तर तो मी नव्हेच, हे पटवण्यासाठी. म्हणजे केलेलं वाईट आहे, उघडं पडलं तर तोंड दाखवायला जागा नाही, एवढं तरी त्या खोटारड्याला मान्य होतं! हल्लीचा पडद्यावरचा लबाड नाकारतच नाही. तो म्हणतो, ‘होय, तो मीच! आणि का केलं ते नीट ऐकून घ्या.’ साठ वर्षांत एवढा फरक पडला. लाज लपवण्याची गरज उरली नाही, कारण समजावून सांगता आलं की झालं!

हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत २००८ ते २०१३ या काळात ‘ब्रेकिंग बॅड’ नावाची मालिका गाजली. कॉलेजातली मुलंमुली अजून पाहतात. तिच्यात शाळेतला रसायनशास्त्राचा एक मास्तर आहे. त्याला कर्करोग होतो आणि आपल्यामागे बायकामुलांचं काय, म्हणून तो घातक नशेची पावडर बनवू लागतो. पाच पर्वं हा गृहस्थ एकच पालुपद धरून असतो: सगळं कुटुंबासाठी. मधे त्याच्या उपचारांचा सगळा खर्च द्यायला श्रीमंत मित्र तयार होतो, ते पैसे तो नाकारतो, तरीही पालुपद चालूच! अगदी शेवटच्या भागात तो बायकोसमोर कबूल करतो की हे मी माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं ते पाहण्यासारखं आहे. तिला ते केव्हाचं ठाऊक होतं. फक्त त्याच्या तोंडून यायचं राहिलं होतं.

‘घरासाठी’ हा शब्द म्हणूनच आपण बायकांनी जरा नीट ऐकावा. तो आपल्या नावावर खर्ची पडतो! चोरी त्याची, आणि पावतीवर नाव बायकामुलांचं. तेलगी घरासाठी कमवत होता म्हणता, तर मग बारमध्ये एका रात्रीत नोटांची बंडलंच्या बंडलं उधळल्याच्या ज्या कथा तेव्हा छापून आल्या, त्या कुणाच्या घरासाठी? आणि घराला शेवटी काय मिळालं? खरा तेलगी २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयात उभा राहिला तेव्हा पडद्यावरच्यासारखं भाषण त्याने केलं नाही. त्याने गुन्हा कबूल केला. तेरा वर्षांची सक्तमजुरी झाली; त्याआधीही शिक्षा झालेली होतीच. २०१७ च्या ऑक्टोबरात बंगळुरूच्या इस्पितळात, कैदी असतानाच, तो गेला. पुढच्या वर्षी डिसेंबरअखेर नाशिकच्या न्यायालयाने रेल्वेतून नेल्या जाणाऱ्या मुद्रांकांच्या खटल्यात त्याला आणि इतर सातजणांना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं, तेव्हा तो जाऊन वर्ष उलटलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, पुरे झालं तेलगीपुराण, आमचा काय संबंध? आम्ही साधी माणसं. थांबा जरा.

तुमच्या घरी फ्लॅट घ्यायचं घाटतंय. गंगापूर रोडला, इंदिरानगरला, कुठेही. विकणारा म्हणतो, ‘ताई, एवढे चेकने आणि दहा लाख रोख. करारात चेकचाच आकडा दाखवू.’ म्हणजे दहा लाखांवरचं मुद्रांक शुल्क वाचलं. शेकडा पाच-सहा रुपये धरलेत तरी पन्नास-साठ हजार. कुठलं शुल्क? तेच, जे तेलगीने बुडवलं! तिथे कागद खोटा होता आणि आकडा खरा, इथे कागद खरा आणि आकडा खोटा. आणि वाक्यं? कान देऊन ऐका. हे म्हणतात, ‘अगं, सगळेच असं करतात.’ दीर म्हणतात, ‘सरकार काय कमी खातं?’ दलाल म्हणतो, ‘यात कुणाचं काय नुकसान आहे, मॅडम?’ आणि शेवटी सासूबाई म्हणतात, ‘मुलांसाठीच तर चाललंय सगळं.’ चारी वाक्यं तीच. पडद्यावरून उतरून बैठकीच्या खोलीत चहा पीत बसलेली!

त्यात आता एक नवी मेख आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सवलत चांगली आहे, हक्काची आहे, जरूर घ्या. पण त्यामुळे करारावर सही तुमची असते. आकडा कुणीही ठरवो, दुय्यम निबंधकासमोर अंगठा टेकवून फोटोला बसता त्या तुम्ही. पडद्यावरच्या बायकोला निदान म्हणता तरी येतं की मला काही सांगितलं नव्हतं.

म्हणून व्यवहाराच्या दोनचार गोष्टी माहीत असू द्या, त्या बोलायला उपयोगी पडतात. नुसतं ‘हे बरं नव्हे’ म्हटलं की घरात भोळी ठरवतात हो आपल्याला! २०१५ पासून घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. व्यवहार फिसकटला तर रोख दिलेल्याची पावती नसते. मागायचे कुणाकडे आणि कुठल्या तोंडाने? बँक कर्ज देताना करारातला आकडा बघते. आणि पुढे कधी ते घर विकायची वेळ आली तर करारात कमी दाखवलेली किंमत तुमच्याच नफ्यात मोजली जाते, त्यावर कर तुम्ही भरायचा. म्हणजे त्याचे आज वाचलेले पैसे उद्या तुमच्या पदरातून जायचे.

मुलांचं काय करावं, असं काही जणी विचारतात. अशा मालिका बघू द्याव्यात की नको? बंद करून काही होत नाही. फोन प्रत्येकाच्या हातात आहे. मी म्हणते, शेजारी बसून बघा. आणि उपदेश नको, एकच विचारा: ‘आत्ता याने ज्याला फसवलं तो माणूस घरी जाऊन काय करत असेल रे?’ बारा-चौदा वर्षांचं पोर चटकन सांगतं. एका शाळकरी मुलाने सांगितलं होतं, ‘तो बायकोला सांगतच नसेल.’ मोठ्यांना जे सुचत नाही ते मुलांना सुचतं. मात्र एक पथ्य पाळावं लागतं. त्याच संध्याकाळी फोन आल्यावर ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असं त्याच पोराला सांगायचं नाही.

जेल रोडच्या एका भिशीत या मालिकेवर वादावादी चालली होती, तेव्हा एकजण कोपऱ्यात गप्प बसून होती. नंतर चहाच्या वेळी तिने आपलं सांगितलं. वर्षभरापूर्वी त्यांचा फ्लॅट ठरला होता, छान पूर्वेचा, लिफ्टचा. विकणाऱ्याला बारा लाख रोख हवे होते. घरातल्या सगळ्यांची संमती, फक्त सही हिची. तिने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, ‘हे बारा लाख दिल्याचं एका साध्या कागदावर मला लिहून द्या, म्हणजे झालं.’ लिहून द्यायला कुणी तयार होईना. विकणाराही नाही, दलालही नाही आणि तिचे दीरही नाहीत! व्यवहार मोडला. पंधरा दिवस घरात कुणी तिच्याशी धड बोललं नाही. यजमान जेवताना मान खाली घालून जेवत.

पुढे तीन महिन्यांनी पूर्ण चेकचं घर मिळालं. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाजारातून आली की ती खालूनच हाक मारते, यजमान गॅलरीतून दोरी सोडतात आणि भाजीची पिशवी वर ओढून घेतात.